हरकत नाही, पण

नगररचना विभागात तुझं काम काय, असं नातेवाईक विचारायचे तेव्हा मी म्हणायची, "लोकांना विचारण्याचं." सगळे हसायचे. हिवरखेडला शेती करणारे माझे मोठे भाऊ एकदा म्हणाले, "विचाराचा बी पगार भेटते का वं?" भेटत होता. आता पेन्शनही भेटते. पण ते विचारणं म्हणजे नेमकं काय होतं, हे मला नोकरीत असताना पुरतं कळलं नाही आणि आता निवांत बसून आठवायला गेले तर गोंधळ वाढतोच आहे.

माझी सगळी नोकरी अकोला आणि अमरावती या दोन शहरांत झाली. पुढची हकीकत यांपैकी कुठली, ते सांगणार नाही. माणसांची नावंही बदलली आहेत. तरी ओळखणारे ओळखतील आणि फोन करून म्हणतील, बाई, असं झालंच नव्हतं. कदाचित त्यांचंच बरोबर असेल.

बाहेरच्या माणसाला हे काम थोडक्यात असं सांगता येईल. एखादी जुनी जागा पाडून तिथे नवं काही उभारायचं, रस्ता रुंद करायचा, मोकळ्या जागेवर बाजार बांधायचा असं ठरलं, की कायदा म्हणतो, आधी लोकांना विचारा. मग आम्ही वर्तमानपत्रात सूचना द्यायचो. ती निविदा आणि नावबदलाच्या जाहिरातींच्या मध्ये कुठेतरी दडून छापली जायची. एक प्रत कार्यालयाच्या फलकावर, एक प्रत त्या जागेवर. तिच्या शेवटी ठरलेलं वाक्य असायचं की नागरिकांनी आपल्या हरकती व सूचना महिनाभरात लेखी सादर कराव्यात. जो लिहून देईल त्याला सुनावणीला बोलवायचं. साहेबांनी ऐकायचं, मी लिहून घ्यायचं आणि अहवाल वर पाठवायचा. अहवालात प्रत्येक नावापुढे तीनपैकी एक शेरा: मान्य, अमान्य किंवा नोंद घेतली. 'नोंद घेतली' म्हणजे काय, असं एकदा एका पत्रकाराने विचारलं होतं. मी म्हटलं, म्हणजे ऐकलं. तो म्हणाला, मग 'ऐकलं' असंच का लिहीत नाही?  मी त्याला चहा पाजला.

माणसंही एकेक यायची. एक निवृत्त मराठीचे मास्तर होते. शहरातल्या कुठल्याही जागेची सूचना निघो, ते ती कापून, लाल शाईने दुरुस्त करून आणून द्यायचे. त्यांची हरकत जागेला नसायचीच, वाक्यांना असायची. 'सदर बांधकाम पाडण्याचे प्रस्तावित आहे' या वाक्याखाली दोन रेघा मारून त्यांनी एकदा मला विचारलं, "बाई, याच्यात कर्ता कोठी गेला? पाडून कोन राहिलं?" साहेब म्हणाले, "नोंद घ्या." मी घेतली.

हे साहेब म्हणजे जाधव साहेब, साताऱ्याकडचे. नियमाने चालणारे, स्वच्छ हाताचे, आणि बोलण्यात अतिशय मऊ. आमच्याकडची भाषा त्यांना पहिली काही वर्षं भांडणासारखीच वाटायची. समोरचा माणूस "काय करून राहिले साहेब?" असं म्हणाला, की ते बिचारे आपण काय करतो आहोत ते खरोखर सांगायला लागायचे. त्यांच्याच काळात टांगा अड्ड्याचं प्रकरण आलं.

टांगा अड्ड्यावर टांगे केव्हाचेच संपले होते. टिनाच्या छपराची गाळ्यांची एक रांग होती. तिथे कूलर दुरुस्त व्हायचे, पंपाच्या-पंख्यांच्या जळालेल्या मोटारी नवी तार भरून बांधून मिळायच्या, उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्या विणून मिळायच्या. जागा पालिकेची, गाळेवाले भाडेकरू. टीन गंजलेलं, भिंती फुगलेल्या, पावसाळ्यात गुडघाभर पाणी. ते पाडून तिथे दोन मजली बाजार बांधायचा, असा प्रस्ताव होता. जुन्या गाळेवाल्यांना नव्यात गाळा मिळणार होता. म्हणजे सगळं चांगलंच होतं. मला तरी त्यात वाईट काही दिसलं नव्हतं.

सूचना चिकटवायला मी शिपायाबरोबर स्वतः गेले. कागद भिंतीवर बसतो न बसतो तोच गर्दी झाली. हनीफभाई पुढे आले. अड्ड्यावरचे सगळ्यांत जुने कूलरवाले, पांढरी दाढी, हातात पान्हा. त्यांनी सगळी सूचना मोठ्याने वाचून दाखवली आणि शेवटच्या वाक्यावर थांबून विचारलं, "मॅडम, हे हरकती म्हंजे काय लिहाचं?"

"तुमचं जे काही म्हणणं असेल ते."

"आमचं काही म्हननं नाई. बांधा ना बाप्पा. पाऊस आला का आमी खाटेवर बसून धंदा करून राहिलो."

गर्दीच्या मागे, कडुलिंबाच्या झाडाखाली, विमलबाई बसली होती. तिला गाळा नव्हता. उन्हाळा लागला की ती त्या झाडाखाली माठ आणि सुरया मांडायची, दिवाळीला पणत्या. तिची सासूही तिथेच बसायची म्हणे. ती बसल्या जागेवरून ओरडली, "बाई, ते कागद मायासाठी बी आहे का?"

मी म्हटलं, "सगळ्यांसाठी आहे, विमलबाई. नागरिक म्हणजे सगळेच."

"मले लिहिता येत नाही."

"कुणाकडून लिहून घ्या. अंगठा चालतो."

ती एका गिऱ्हाइकाला माठ वाजवून दाखवू लागली.

महिना संपत आला तरी आमच्याकडे एकही कागद नव्हता. साहेब खूश. विरोध नाही म्हणजे प्रकरण सरळ. आणि मग मुदतीच्या शेवटी शेवटी एके दिवशी दुपारी अख्खा टांगा अड्डा कार्यालयात आला. प्रत्येक गाळेवाल्याच्या हातात टाइप केलेला कागद. सगळे अर्ज कोर्टासमोरच्या एकाच टायपिस्टकडून करून आणलेले. हा माणूस आयुष्यभर सरकारला अर्ज लिहून अनुभवी झालेला होता, आणि सुरुवातच नकाराने केली तर अर्ज बुडतो, असं त्याचं पक्कं मत होतं. त्यामुळे प्रत्येक अर्जाचं पहिलं वाक्य एकच होतं: 'आमची सदर प्रकल्पास काहीही हरकत नाही, पण...'

त्या 'पण'नंतर मात्र प्रत्येकाचं निराळं होतं. बांधकाम चालू असताना आम्ही बसायचं कुठे? कूलर वरच्या मजल्यावर चढवायचे कसे? भावाभावांत एकच गाळा आहे, नव्यात तो कुणाच्या नावे होणार? लिंब तोडणार का? हनीफभाईंनी लिहिलं होतं, खालचाच गाळा द्यावा, माझे गुडघे गेले आहेत. विमलबाईच्या कागदावर 'पण' नव्हतं. तिने कोऱ्या कागदावर अंगठा उठवून कुणाकडून एकच ओळ लिहून घेतली होती: मला तोंडी बोलायचे आहे.

मी गठ्ठा साहेबांपुढे ठेवला. त्यांनी वरचे दोन-तीन वाचले आणि म्हणाले, "यांची तर हरकतच नाहीये."

"साहेब, पुढे वाचा."

"वाचलं. पण त्यांनीच लिहिलंय ना, हरकत नाही म्हणून? मग आपण हरकत कशी धरायची?"

"आमच्याकडे हरकत अशीच घेतात साहेब. लग्नातसुद्धा 'आमचं काही म्हणणं नाही, पण' असं सुरू करतात आणि पंगतीतून उठून जातात."

ते हसले नाहीत.  त्यांची अडचण खरी होती. आमच्या तक्त्यात दोनच रकाने होते, हरकत आणि सूचना. होकारात गुंडाळलेल्या काळजीला तिसरा रकाना नव्हता. शेवटी म्हणाले, "ठीक आहे. हरकत म्हणून धरा. बोलवू सगळ्यांना." मला फार बरं वाटलं. या माणसांचं आता कोणीतरी ऐकणार होतं.

सुनावणी मे महिन्यात झाली. आमच्या सभागृहात एक मोठा कूलर होता, विमानासारखा आवाज करणारा. माणसं आली, पण खुर्च्यांवर बसेनात. दाराशी घोळका करून उभी. हनीफभाईंच्या हातात मी पाठवलेलं पत्र होतं. ते चिडलेले होते, आणि चिडलेले हनीफभाई मी तोवर पाहिले नव्हते.

"मॅडम, मायं नाव हरकतवाल्यात कावून टाकलं?"

"तुम्ही अर्ज दिला ना?"

"मी तं साफ लिहिलं, हरकत नाई! अन् तुमी लिहून राहिले, आपण घेतलेल्या हरकतीच्या अनुषंगाने. मी कोठी घेतली हरकत?"

"पण तुम्ही पुढे लिहिलंय, खालचा गाळा हवा."

"ते तं बोलाची पद्धत असते ना मॅडम! आपला मानूस समजून बोललो."

मागून कोणीतरी म्हणालं, "हरकतवाल्याले गाळा नाही भेटत म्हन्ते."

मी विचारलं, "कोण म्हणतं?"

"सारेच म्हन्ते."

जाधव साहेब पुढे झाले. त्यांनी आपल्या मऊ आवाजात समजावलं की असा कुठलाही नियम नाही, हरकत घेणं हा तुमचा हक्क आहे, त्यामुळे कुणाचंही नुकसान होणार नाही. लोक शांतपणे ऐकत होते. त्यांचं बोलणं संपल्यावर एक मोटार-वाइंडिंगवाला शेजाऱ्याला हळूच म्हणाला, "साहेब एवढे समजावून राहिले, म्हंजे काहीतरी हाय."

तेवढं पुरलं. एकेक जण टेबलापाशी यायचा, 'माझी काही हरकत नाही' असं लिहून सही करायचा आणि बाहेर पडायचा. मी प्रत्येकाला सांगत होते, अहो, तुमचं जे म्हणणं आहे ते तरी बोला. पण ते माझ्याकडे अशा नजरेनं बघत होते की जणू मीच त्यांना कशात तरी अडकवते आहे. हनीफभाईंनी सही केली. गुडघ्यांचं त्यांनी अवाक्षर काढलं नाही. सही करताना हात टेबलावर टेकवून त्यांनी तोल सावरला, ते मी पाहिलं. पण पाहिलेलं तक्त्यात लिहिता येत नाही.

आणि मग उरली विमलबाई. ती पहिल्या रांगेत अगदी मधल्या खुर्चीवर बसली होती. डोक्यावरून पदर, पायात प्लॅस्टिकची चप्पल. साहेबांनी नाव पुकारलं, ती उभी राहिली. काहीतरी बोलली, पण कूलरच्या आवाजात ऐकूच आलं नाही. दोनदा असं झालं. तेव्हा दारातून हनीफभाई परत आत आले, सरळ कूलरपाशी गेले आणि त्यांनी तो बंद केला. मग ते भिंतीला टेकून तिथेच उभे राहिले. सभागृह एकदम गप्प झालं आणि ऊन आत आल्यासारखं वाटलं.

"बोला बाई," साहेब म्हणाले.

"साहेब, मी नाही म्हनलं, तं तुमी बांधाचं थांबवान का?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी कागदाकडे पाहिलं.

"तसं नाही बाई," ते म्हणाले. "प्रकल्प मंजूर आहे. लोकांची मोठी सोय होणार आहे."

"अन् मी हो म्हनलं, तं मले गाळा देसान का?"

"तुम्ही गाळेधारक नाही. त्यामुळे..."

"म्हंजे नाही म्हनलं तरी बांधनार, हो म्हनलं तरी मले काही नाही." तिच्या आवाजात राग नव्हता. हिशेब जुळत नाही तेव्हा माणूस जसं परत परत विचारतो, तसं ती विचारत होती. "मंग मले ईचारून कावून राहिले साहेब?"

एवढ्या वर्षांत अशा प्रसंगी काय म्हणायचं याची वाक्यं आम्हाला पाठ झालेली होती. लोकशाहीत नागरिकांचा सहभाग, पारदर्शकता, वगैरे. साहेबांनी तोंड उघडलं, मला वाटलं आता ते वाक्य येणार. पण ते आलं नाही. त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता. ते एवढंच म्हणाले, "बसा बाई." ती म्हणाली, "बसून काय करू? माठ उघडे टाकून आली." आणि ती निघून गेली.

त्या दिवशी अहवालात तिच्या नावापुढे काय लिहावं, हे मी साहेबांना विचारलं. तिची हरकत नव्हती, सूचनाही नव्हती. प्रश्न होता. ते म्हणाले, "राहू द्या तूर्त."

पुढचे काही दिवस साहेब नकाशा घेऊन टांगा अड्ड्यावर एकटेच जाऊ लागले. एकदा मीही बरोबर होते. ते लिंबाखाली उभे राहिले, पावलं मोजली, पुन्हा उभे राहिले. मग त्यांनी अहवालात स्वतःहून एक शिफारस घातली की लिंब राखावा, त्याच्या बाजूची पट्टी मोकळी सोडावी, आणि गाळे नसलेल्या विक्रेत्यांसाठी तिथे ओटे बांधावेत. ओट्यांच्या यादीत पहिलं नाव विमलबाईचं. तिच्या नावापुढे शेरा लिहिला: मान्य.

मी म्हटलं, "साहेब, तिने ओटा मागितला नव्हता."

"मग तिला काय हवं होतं?"

मी शेरा तसाच ठेवून अहवाल टाइपला पाठवला.

आम्हाला कुणालाच वाटलं नव्हतं, पण वरून ती शिफारस जशीच्या तशी मंजूर होऊन आली. माझ्या नोकरीत एखाद्या सुनावणीमुळे नकाशावरची रेघ हललेली मी पाहिली, ती ही एवढीच ठळक. साहेबांची बदली झाली तेव्हा निरोपाच्या भाषणात त्यांनी दुसऱ्या कशाचा उल्लेख केला नाही, फक्त त्या लिंबाचा केला.

बाजार उभा राहिला. गाळ्यांचं वाटप चिठ्ठ्या टाकून झालं आणि हनीफभाईंना वरचा मजला आला. ज्यांनी ज्यांनी हरकत मागे घेतली त्यांतल्या काहींना खालचे गाळे मिळाले, काहींना वरचे. म्हणजे त्या सहीचा कशाशीच संबंध नव्हता. की होता? समजा, सगळ्यांनी त्या दिवशी ठाम उभं राहून सांगितलं असतं की कूलरवाल्यांना खालीच ठेवा, तर साहेबांनी तसं लिहिलं असतं आणि लिंबासारखं तेही मंजूर झालं असतं? मी हे हनीफभाईंना एकदा बोलून दाखवलं. ते जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून दम घेत होते.

"कोनाले माईत मॅडम," ते म्हणाले. "तवा बोललो असतो तं भीती, नाई बोललो तं हे गुडघे. पन तुमी मायं नाव त्याच्यात टाकाले नोको होतं." थोडं थांबून म्हणाले, "किंवा मंग काढू द्याले नोको होतं." दोन्ही वाक्यं त्यांनी सारख्याच मनापासून म्हटली.

निवृत्तीच्या आधी एका प्रशिक्षणात मला बोलायला बोलावलं. पडद्यावर त्या बाजाराचा फोटो, लिंब, ओटे, आणि वर लिहिलेलं, 'लोकसहभागाचे उत्तम उदाहरण'. नवी मुलं-मुली वह्या उघडून बसलेली. मी झालं तसं सांगितलं. टाळ्या वाजल्या. एका मुलीने हात वर करून विचारलं, "मॅडम, त्या माठवाल्या बाई आता कशा आहेत?" मला माहीत नव्हतं.

तिथून परतल्यावर मी बाजारात गेले. पहिल्या ओट्यावर एक तरुण मोबाइलचे कव्हर विकत होता. विमलबाईने ओटा कधी घेतलाच नव्हता. पालिकेची माणसं दोनदा सांगून आली, ती आली नाही. मग यादीतल्या पुढच्याला गेला. हनीफभाई म्हणाले, "ते तं बायपासच्या रोडवर बसते. ट्रकवाले घेते तिचे माठ."

मी स्कूटीवरून गेले. रस्त्याच्या कडेला बाभळीच्या विरळ सावलीत तिने दुकान मांडलं होतं. केस पूर्ण पांढरे झालेले. तिने मला लगेच ओळखलं. "कागदवाल्या बाई!" म्हणाली आणि बसायला पोतं दिलं. इकडचं-तिकडचं बोलणं झालं. लेकीचं लग्न झालं होतं, ती शेंदूरजनाघाटला दिली होती. मग मी विचारलं.

"विमलबाई, ओटा कावून नाही घेतला? साहेबांनी किती खटपट केली होती."

"चांगला मानूस होता तो," ती म्हणाली. "पन बाई, मी त्याले ओटा मागला होता का?"

"नाही."

"मी त्याले एक गोठ ईचारली होती. त्याचा जवाब मागला होता. त्यानं ओटा देल्ला." तिने एक माठ उचलून दुसरीकडे ठेवला. "जवाब राहिलाच. अन् ओट्यावर बसली असती तं रोज वाटलं असतं, का तोंड बंद कराले बसोलं मले."

मी सांगायला लागले की तसं नव्हतं, साहेबांच्या मनात तसं काही नव्हतं, कायद्यात विचारण्याची तरतूद आहे, लोकांचं म्हणणं कळावं म्हणून विचारतात, कधीकधी त्याने फरक पडतो, बहुतेकदा पडत नाही, पण विचारलंच नाही तर... ती शांतपणे ऐकत होती.  मध्ये दोन ट्रक गेले. धूळ खाली बसल्यावर मी म्हटलं, "कावून विचारतात, मले बी माईत नाही, विमलबाई."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाली, "हां. हा जवाब चालला असता."

तेवढ्यात एक ट्रक कडेला थांबला आणि ड्रायव्हर खाली उतरला. ती माठ वाजवून दाखवायला उठून गेली. ती मला माफ करून गेली की झापून, हे मला त्या पोत्यावर बसून कळलं नाही.  ड्रायव्हरने तीन माठ ठोकून पाहिले, चौथा घेतला.